चाळणी

धान्य चाळताना आई दोन्हींकडे पाहते. चाळणीत राहिले त्याकडे, आणि खाली पडले त्याकडेही. हे शहाणपण मला फार उशिरा कळले, आणि तेही एका सरकारी संकेतस्थळावर.

घरात जमिनीच्या वाटणीचे घाटत होते. गट क्रमांकांची चिठ्ठी सापडेना, म्हणून मी महाभूलेखावर नावाने सातबारा शोधावयास बसलो. तेथील शोध म्हणजे एकीखाली एक लावलेल्या चाळण्याच. सहा महसूल विभागांतून छत्रपती संभाजीनगर घेतला, त्यातून जालना, मग भोकरदन, मग धावडा. बघता बघता सारा महाराष्ट्र गळून पडला आणि आमचे गाव तेवढे उरले. पुढे पहिले नाव, मधले नाव, आडनाव, संपूर्ण नाव असे पर्याय येतात. मी ‘संपूर्ण नाव’ घेतले आणि आत्याचे नाव आमच्या आडनावासह लिहिले. काही सापडले नाही.

खरे सांगावयाचे, तर मला हायसे वाटले. वाटणीतला एक हिस्सा कमी झाला! १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाची वारस मानले. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. हे मला ठाऊक होते. पण सोयीचे उत्तर मिळाल्यावर कायदा कोणाला आठवतो?

आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, चाळीस वर्षं झाली तिच्या लग्नाला. आपल्या आडनावात ती कशी सापडंल?”

मग एकेक अट काढली. नुसते पहिले नाव ठेवले. त्या नावाच्या बायकांची यादी आली, आणि तिच्यात सासरच्या आडनावाने आत्या होती. आजोबांमागे वारसनोंद झाली तेव्हापासून ती तेथेच होती.

शोध अरुंद करण्यात दोष नाही. अटीवाचून शोधणारा गर्दीत हरवेल. पण प्रत्येक अट म्हणजे ‘एवढे मला नको’ असे सांगणे असते, आणि उत्तर येताच आपण ते ‘एवढे नाहीच’ असे वाचतो. यंत्र खोटे बोलले नाही. प्रश्नच माझा होता. ते आडनाव मी अनवधानाने लिहिले, की ती सापडू नये म्हणून? ह्याचे प्रामाणिक उत्तर मला अजून देता येत नाही.

वडील गेल्यापासून भाऊबीजेला आत्याकडे मी जातो. यंदा ताटात ओवाळणी घालण्यापूर्वी तो उतारा तिच्या हाती देणार आहे.