निघून जाणाऱ्याचं देणं

मेनफ्रेमच्या असेंब्ली भाषेत मॅक्रो लिहिणारा कुणाला बांधील असतो? पगार देणाऱ्याला, हे सोपं उत्तर झालं. मला ते अपुरं वाटतं.

आयबीएमने 1964 साली सिस्टिम/360 जाहीर केली. त्या घराण्याच्या असेंब्लीत सूचनांचा एक साचा लिहून त्याला नाव देता येतं. पुढे ते नाव लिहिलं, की असेंबलर त्या जागी दहा-वीस ओळी भरतो. ‘प्रिंट नोजेन’ म्हटलं, तर छापील लिस्टिंगमध्ये त्या ओळी दिसतही नाहीत.

दुसऱ्याचे श्रम वाचवण्यात गैर काही नाही. पण समजा, तुमच्या मॅक्रोने आत रजिस्टर 5 वापरलं आणि जुनी किंमत परत ठेवली नाही. 0, 1, 14 आणि 15 ही रजिस्टरं बदलू शकतात, बाकीची जपायची, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यावर विसंबून कुणी 5 मध्ये पगारांची बेरीज ठेवली असेल, तर ती पुसली जाते. प्रोग्रॅम कदाचित थांबतही नाही; आकडा चुकतो. तुम्ही खोटं बोलला नाहीत, तरी कुणाचा तरी विश्वास मोडला.

आपल्यासारख्या परदेशी नोकरदारांना इथे एक मोह असतो. व्हिसा नोकरीला बांधलेला. आतलं फक्त मलाच कळत असेल, तर मला काढणार कसं? भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. पण करार कधीतरी संपतोच, निरोपाचं जेवण होतं, आणि त्या भीतीची किंमत मागे राहिलेला अनोळखी माणूस मोजतो.

ओमानमध्ये निझव्याला ‘फलज दारिस’ आहे. फलज म्हणजे भूजल नुसत्या उताराच्या जोरावर गावापर्यंत आणणारा पाट. 2006 साली युनेस्कोने असे पाच फलज जागतिक वारशात घेतले. जमिनीखालच्या भागावर अंतराअंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवलेली असतात. पाणी पिणाऱ्याचं त्यांच्यावाचून अडत नाही. गाळ काढायला उतरणाऱ्याचं अडतं.

मॅक्रोतली अशी तोंडं साधी असतात: कोणती रजिस्टरं बदलतात, हे वर टिपेत लिहिणं, चुकीचा पॅरामीटर आला तर अंदाज न बांधता ‘एमनोट’ने स्पष्ट सांगणं. श्रम झाकावेत, परिणाम झाकू नयेत. मराठीत निरवानिरव हा शब्द आपण आयुष्याच्या शेवटासाठी राखून ठेवतो. ती रोजच्या कामातच करत गेलं, तर जाताना वेगळी करावी लागत नाही. तुम्हाला काय वाटतं?