रतामाच्या झुडपाखाली

शास्त्रपाठ : 1 राजे 19:1-18



कर्मेल पर्वतावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला एलीया पुढच्याच अध्यायात अरण्यातील रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि कालचा विजयी वीर कोसळतो.

असे एक झुडूप आज आपल्या कितीतरी घरांत उगवले आहे. घर नाशिकचे असो, इंदूरचे असो वा हैदराबादचे; बारावीतले लेकरू वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करीत असते. आरंभीच्या सराव परीक्षांत गुण चढत जातात आणि आईवडील देवाचे उपकार मानतात. पुढे मात्र गुण घसरू लागतात. मग अभ्यासाचे तास वाढतात, झोप घटते, आणि गुण अधिकच खाली येतात. लेकरू जेवताना बोलेनासे होते.

ही गोष्ट किरकोळ नाही. 2023 मध्ये राजस्थानातील कोटा येथे शिकवणीसाठी राहिलेल्या वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तेथील जिल्हा प्रशासनाला शिकवणी वर्गांतील सराव परीक्षा दोन महिने थांबविण्याचा आदेश द्यावा लागला.

अशा वेळी परमेश्वर काय करतो, हे एलीयाच्या वृत्तान्तात पाहा. तो त्याला दोष देत नाही. प्रथम त्याला झोपू देतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन नव्हे, तर भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन; आणि एकदा नव्हे, दोनदा. थकलेल्या सेवकाकडून देवाने उपास मागितला नाही. दिवसभर वाचलेले मनात रुजते ते बऱ्याच अंशी झोपेत. म्हणून झोप हा आळस नव्हे; ती देवाने दिलेली शिदोरी आहे.

नंतर होरेब पर्वतावर देव त्याला प्रश्न विचारतो : तो तेथे काय करीत आहे? एलीया गाऱ्हाणे मांडतो. देव पुन्हा तोच प्रश्न करतो, पुन्हा तेच उत्तर ऐकून घेतो. माता-पित्यांनो, “किती गुण पडले?” हा आपला पहिला प्रश्न असतो. “कोठे अडते आहे?” असे विचारून शांतपणे ऐकणारे किती?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही उत्तरपत्रिकेला हाच प्रश्न विचारा. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा 1 गुण वजा होतो. म्हणजे येत असलेले एक उत्तर घाईत चुकले की 5 गुणांचा फरक पडतो. दहा उत्तरे चुकली की 50 गुणांचा. ज्ञान तेवढेच असूनही आकडा घसरतो. शिवाय एका धड्यावरची परीक्षा वेगळी आणि दोन वर्षांच्या संपूर्ण अभ्यासक्रमावरची वेगळी. चुकलेले प्रश्न तीन रकान्यांत लिहा : मुळात न समजलेले, समजून विसरलेले, आणि घाईने चुकलेले. पहिल्यासाठी शिक्षकांकडे जा, दुसऱ्यासाठी थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी करा, तिसऱ्यासाठी प्रश्न पूर्ण वाचण्याची सवय लावा. पुढची सराव परीक्षा त्यानंतरच द्या. देवानेही एलीयाला नेमकी तीन कामे सांगून परत पाठविले.

आणि त्याचा हिशेबही सुधारला. आपण एकटेच उरलो, असे एलीयाला वाटत होते; देवाने सात हजारांची गणती सांगितली आणि अलीशासारखा सोबती दिला. निराश मन स्वतःची मोजणी नेहमी चुकीची करते. म्हणून एकटे राहू नका. घरी बोला, पाळकांशी बोला. जगणे नकोसे वाटू लागले तर 14416 या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ते साहाय्य घेणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. देवदूताच्या हातची भाकर एलीयाने नाकारली नाही.

प्रियजनहो, देव प्रवेशाची हमी देत नाही. 2024 मध्ये 23 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. जागा मात्र लाखाहून थोड्याच अधिक होत्या. उत्तम तयारी केलेल्या पुष्कळांना दुसरी वाट धरावी लागली. परंतु एलीया झुडपाखाली पडला होता तेव्हाही तो परमेश्वराचाच होता. कर्मेलावरील विजयाने त्याचे मोल वाढले नव्हते, अरण्यातील अश्रूंनी ते घटले नाही. ज्या प्रभूने वधस्तंभावर आपले मोल स्वतःच्या रक्ताने भरले, त्याच्या वहीत ते कोणत्याही परीक्षेपूर्वीच लिहिलेले आहे.

तेव्हा आज रात्री लेकराच्या खोलीतील दिवा वेळेवर मालवू या, आणि सकाळी त्याच्यासमोर गरम भाकर ठेवू या. गुणांची चौकशी थोडी थांबली तरी चालेल.

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, थकलेल्या लेकरांना झोप दे, ऐकणारे आईवडील दे, आणि उद्याच्या कामापुरते बळ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.