जात्याच्या पलीकडच्या बाजूला

जनाबाई या संत नामदेवांच्या समकालीन वारकरी संतकवयित्री. परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे त्यांचे जन्मगाव. वडील दमा आणि आई करुंड हे शूद्र मानल्या गेलेल्या जातीतले, विठ्ठलाचे भक्त. लहानपणीच वडिलांनी जनीला पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवले आणि पुढचे सारे आयुष्य त्या घरात दासी म्हणून गेले. शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवांबरोबरच त्यांनी देह ठेवला असे परंपरा सांगते. नामदेवगाथेत छापल्या जाणाऱ्या त्यांच्या अभंगांची संख्या साडेतीनशेच्या आसपास भरते. अभंगाच्या शेवटी येणारी त्यांची ओळख ‘नामयाची दासी’ किंवा नुसती ‘जनी’ अशी असते.

या अभंगांचा विषय बहुतेक वेळा घरकाम असतो. दळण, कांडण, झाडलोट, सडा, पाणी भरणे, धुणे, गोवऱ्या वेचणे ही कामे चालू असतात आणि विठ्ठल त्यांत हात लावायला येतो. भक्ताच्या हाकेला धावणाऱ्या देवाची गोड कथा म्हणून हे अभंग कीर्तनात रंगवले जातात. त्यामागे असलेला विचार मात्र त्या गोडव्यात झाकला जातो. कष्टाचा आणि मुक्तीचा संबंध काय, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना प्रश्न. जनाबाईंनी तो अशा जागेवरून हाताळला, जिथून तो क्वचितच विचारला गेला होता.

प्रश्नाची प्रचलित उत्तरे दोन होती. एक संन्यासाचे: कर्म बांधते, म्हणून ते सोडावे. दुसरे गीतेचे: कर्म सोडू नये, फळावरचा हक्क सोडावा. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरीने हे दुसरे उत्तर मराठीत आणले आणि वारकरी पंथाने ते आपलेसे केले. सावता माळ्याचा मळा, गोरा कुंभाराचे चाक, सेना न्हाव्याचा आरसा ही सगळी कर्मातच देव पाहण्याची उदाहरणे. पण दासीच्या बाबतीत दोन्ही उत्तरे अडतात. काम सोडण्याची तिला मुभा नाही, आणि कामाचे फळ मुळात तिचे नाही. पीठ मालकाच्या घरचे, पाणी मालकाच्या रांजणातले. जे कधी हाती आलेच नाही, त्याचा त्याग कसला करायचा? सावत्याला निदान आपल्या मळ्याला आपले म्हणता येत होते. निष्काम कर्माच्या शिकवणीत कर्ता काहीतरी राखून असतो असे धरलेले आहे, ही त्या शिकवणीची बाजू दासीच्या जागेवरूनच नीट दिसते.

जनाबाईंच्या अभंगांत त्यागाची भाषा म्हणूनच थोडी आहे. तिथे विचारले जाते ते हे की या कामात माझ्याबरोबर कोण आहे. जात्याकडे पाहिले की या प्रश्नाचा नेमका अर्थ उलगडतो. मोठे जाते एकटीने ओढणे जिवावर येते. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात असतात. एक हात मोकळा करून मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात घातले जाते. एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुरी करायची. शेजारीण, जाऊ, नणंद, कोणीतरी पलीकडे लागतेच. पहाटेच्या अंधारात दासीसमोर बसायला कोणी नसेल, तर ती जागा रिकामी राहते. जनाबाईंचा विठ्ठल त्या जागेवर येऊन बसतो. तो वरून कृपा करत नाही, दळण चमत्काराने आपोआप होऊ देत नाही. खुंटा धरतो आणि ओढतो. बाईच्या समोर बसणारी बाईच असते, आणि जनाबाई त्याला विठाबाई म्हणून, आई म्हणून हाक मारतात. तो तिची वेणी घालतो, डोके बघतो. ज्याची सेवा करायची तोच सेवा करू लागल्यावर स्वामी आणि दास हे नाते जागेवर राहत नाही. भक्तिमार्गात दास्यभक्तीला मोठा मान आहे. खऱ्या दासीने तिची दिशाच फिरवली.

याच अभंगांत अद्वैतही येते, पण वेदान्ताच्या परिभाषेत नाही. खाणे, पिणे, निजणे, देणे, घेणे या रोजच्या क्रियापदांना त्या देव हे कर्म जोडतात आणि आत-बाहेर त्याच्यावाचून काही उरले नाही असे सांगतात. नामदेवांच्या चरित्रातली औंढा नागनाथची कथा याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते; देव नाही अशा जागी माझे पाय ठेव, असे त्यांनी नामदेवांना सांगितले आणि जिथे पाय ठेवावे तिथे पिंडी उमटली. नामदेवांना देवळाच्या गाभाऱ्यात, गुरूकडून जे शिकावे लागले, तेच जनाबाईंच्या शब्दांत ओसरीवर आणि उकिरड्याच्या वाटेवर सापडते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. देव दळायला आला तरी पीठ मालकाच्याच घरात गेले. म्हणजे गुलामी सुसह्य झाली, संपली नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ब्रदर लॉरेन्सलाही भांड्याकुंड्यांत देवाचे सान्निध्य लाभले होते. पण त्याने मठ आपणहून निवडला होता, जनीला मात्र घर निवडता आले नाही. तिच्या अभंगांत समाधानाइतकेच भांडणही आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्याशाप देतात, त्याच्यावर रुसतात. डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून भरल्या बाजारात जाण्याची भाषा करतात. घरंदाजपणाची चौकट नाकारणारा हा सूर आक्षेपाचे पूर्ण निरसन करत नाही, पण अभंगांना मुकाट्याने सोसण्याची शिकवण ठरवणेही त्यामुळे अशक्य होते. पदकाची कथाही याच बाजूची आहे. देव आपले पदक जनीच्या घरी विसरतो, चोरीचा आळ तिच्यावर येतो आणि तिला सुळावर देण्याचे ठरते. शेवटी सुळाचे पाणी होते. चमत्कार बाजूला ठेवला तर उरते ते असे: देवाशी जवळीक असूनही समाजात तिची पत वाढली नाही, उलट ती जवळीकच आरोपाचा पुरावा ठरली.

साडेतीनशे अभंग एकाच व्यक्तीचे आहेत का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पदे शतकानुशतके मुखोद्गत राहिली, ‘जनी’ ही मुद्रा इतरांनीही वापरली असणार. विचाराच्या दृष्टीने याने फारसे बिघडत नाही, कारण तो विचार पुढे नेणाऱ्या बायका अनेक होत्या. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत जनी आणि विठ्ठल वारंवार येतात. दळणारी बाई त्यांची गोष्ट आपल्या घरातली असावी तशी सांगते. रुक्मिणी जनीवरून विठ्ठलाशी भांडते, संशय घेते, त्याला जाब विचारते, आणि गाणारी बाई कधी एकीची तर कधी दुसरीची बाजू घेते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे म्हणून जाते दाखवले जाते, आणि वारीला आलेल्या बायका आजही त्याचा खुंटा धरून ते फिरवून बघतात.