खरं सांगायची मुभा

भंडाऱ्यात, तुमसरात, साकोलीत ‘पोरगं जर्मनीले चाललं’ हे वाक्य आता अधूनमधून कानावर पडते. कुणी एका सत्रासाठी, कॉलेजच्या एक्स्चेंज योजनेतून जातो, कुणी दोन वर्षांच्या एम.एस.साठी. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला क्रमांक गाठला. त्या वर्षी तिथे ४२ हजारांहून अधिक भारतीय शिकत होते. पुढच्याच वर्षी हा आकडा ४९ हजारांवर गेला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही. अमेरिका आणि इंग्लंड परवडत नाही त्या घरांना जर्मनी आवाक्यातली वाटते, ती यामुळे.

शुल्क नाही म्हणून खर्च नाही, असे मात्र नव्हे. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच एका खात्यात भरून दाखवावे लागतात. मुले त्याला ‘ब्लॉक अकाउंट’ म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिकडे पोहोचल्यावर ती महिन्याला ९९२ युरो अशी त्याच विद्यार्थ्याच्या हातात पडते. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर हे झाले बारा लाखांच्या घरात. आपल्या भाषेत सांगायचे तर २०२५-२६च्या २,३६९ रुपये हमीभावाने पाचशे क्विंटल धान. एकरी वीस क्विंटल पिकले असे मानले तरी पंचवीस एकरांचे अख्खे पीक, आणि तेही बियाणे, खत, रोवणीची मजुरी काहीच वजा न करता. पंचवीस एकर आपल्याकडे किती जणांपाशी आहेत? म्हणून कर्ज काढले जाते, आणि कर्जाला तारण लागते. घर, बांधी, कधी बहिणीच्या लग्नासाठी जपून ठेवलेले सोने.

या कर्जाविषयी माझी तक्रार नाही. पोराच्या शिक्षणासाठी बापाने बांधी गहाण टाकण्यात काही वाईट नाही; या जिल्ह्यातल्या कित्येक शिक्षकांचे आणि डॉक्टरांचे शिक्षण असेच झाले आहे. मला काळजी वाटते ती पैशाबरोबर पोराच्या डोक्यावर येऊन बसणाऱ्या एका अटीची. ती बँकेच्या कागदावर नसते, घरात कुणी ती उच्चारतही नाही. पण पोराला ती बरोबर कळते. ती अट अशी, की आता तू वाईट बातमी सांगायची नाहीस.

लाखनीजवळचे एक घर डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे नऊ वाजलेत, जेवणे उरकलीत, फोन भिंतीला टेकवून ठेवलाय. तिकडे हिवाळा, दुपारचे साडेचार, आणि खिडकीबाहेर आताच अंधारलेय. माय विचारते, ‘जेवला का बाबू?’ तो म्हणतो, ‘हो माय.’ सकाळपासून पोटात पाव आणि कॉफी एवढेच आहे. बाबा विचारतात, ‘पेपर कसा गेला?’ तो म्हणतो, ‘चांगला गेला.’ पेपर दुसऱ्यांदा गेलेला आहे. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत सक्तीच्या विषयाची परीक्षा सहसा तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा नापास झाला तर नाव कमी होते, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठात पुरा करण्याची वाटही बहुधा बंद होते. ही गोष्ट त्या पोराला ठाऊक आहे. घरात कुणालाच ठाऊक नाही. तो एकटाच ती उराशी घेऊन झोपतो. आईबापाला दुखवू नये म्हणूनच तो खोटे बोलतो आहे. आणि म्हणूनच त्याला रागवायला जीभ उचलत नाही.

पण या खोट्याची सुरुवात बरेचदा विमानात बसण्यापूर्वीच झालेली असते. ‘मला हा विषय का शिकायचा आहे’ हे सांगणारे पत्र मुलाने लिहायचे असते. ते एजंट लिहून देतो आणि मूल त्याखाली सही करते. काहींनी तर गुणपत्रिकाच खोट्या जोडल्या. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीयांना कागदपत्रे खरी असल्याचे ‘ए.पी.एस.’ प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते अशाच प्रकारांमुळे. त्याचे १८ हजार रुपये भरतो तो प्रामाणिक मुलगाही, आणि रांगेत ताटकळतो तोही. एकाच्या खोट्याची किंमत दुसऱ्याने मोजावी लागते ती अशी.

मला या संदर्भात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. नोव्हेंबर १९२८मध्ये त्या बर्लिनला निघाल्या तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष संपत होते. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी उभे आयुष्य वेचले, त्यांचाही सुनेने जर्मनीला जाण्यास विरोध होता. पती दिनकर कर्वे रसायनशास्त्रज्ञ, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. ते ठाम राहिले. पैसा जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतलेला. म्हणजे डोक्यावर कर्ज, घरातल्या वडीलधाऱ्यांची नाराजी, परकी भाषा, आणि त्यात बाईमाणूस. आज लाखनीच्या पोरावर जे ओझे आहे, त्याहून ते हलके नव्हते.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. वंशांची प्रतवारी लावणाऱ्या शास्त्रातले तेव्हाचे बडे नाव. फिशर यांचा कयास असा, की गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी अधिक तर्कशुद्ध, आणि त्याची खूण त्याच्या कवटीत सापडेल; तिची उजवी आणि डावी बाजू इतर वंशांपेक्षा अधिक असमान असेल. हे तपासायचे काम त्यांनी या हिंदुस्थानी विद्यार्थिनीला दिले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. त्या माणसांना कुणी विचारले नव्हते, की तुमचे अवशेष बर्लिनच्या कपाटात ठेवायचे का. मोजमापे संपल्यावर इरावतीबाईंनी जे दिसले ते लिहिले. कवटी सगळ्यांचीच थोडीफार असमान असते. त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही.

एवढेच लिहायला काय लागले असेल याचा विचार करा. पदवी त्या प्राध्यापकाच्या हातात, पैसा कर्जाचा, आणि मोकळ्या हाताने परतले तर सासरी काय तोंड दाखवायचे हा प्रश्न. दोन-चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर गुरू खूश झाला असता, आणि पुण्यात कुणाला कळलेही नसते. त्यांनी ते केले नाही. फिशर पुढे १९३३मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, नाझी राजवटीच्या वंशधोरणाला त्यांच्या शास्त्राने आधार पुरवला, आणि युद्धकाळात त्याच संस्थेकडे आउशवित्झच्या छळछावणीतून डॉक्टर मेंगेले मृतांचे अवशेष पाठवत राहिला. हे सगळे १९२८ साली कुणाला दिसत नव्हते. इरावतीबाईंनाही दिसत नसणार. त्यांना दिसत होती फक्त समोरची कवटी आणि वहीतला आकडा. पुढे मायदेशी परतल्यावरही त्या माणसांची मोजमापे घेत राहिल्या, आणि त्या पद्धतीवर आज अभ्यासक प्रश्न विचारतात, ते रास्तच आहेत. पण त्या प्रबंधापुरते बोलायचे तर, गुरूला न आवडणारे उत्तर त्यांनी गुरूलाच सादर केले.

हे धैर्य कुठून येते? इरावतीबाईंच्या स्वभावात ते होतेच. पण मला घरातल्या एका माणसाचाही त्यात वाटा दिसतो. पदवी घेऊनच ये, नाहीतर येऊ नकोस, असे म्हणणारा नवरा वेगळा, आणि वडिलांचा विरोध पत्करून बायकोला पाठवणारा नवरा वेगळा. पाठीमागे असे माणूस असले की समोरच्या मोठ्या माणसाची भीती कमी होते, असे मी आजूबाजूच्या कितीतरी घरांत पाहिले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून उभे होते आणि पराभूत झाले, हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. त्यांचे नाव १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या पटावरही होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्रवेशासाठीचा अर्ज त्यांनी जर्मन भाषेत लिहिला होता. लंडनचे शिक्षण त्यांनी साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर पुन्हा सुरू केले होते. बॉनचे शिक्षण पुरे झाले नाही. तासांना हजेरी नसल्याने जानेवारी १९२२मध्ये त्यांचे नाव पटावरून कमी झाले. लंडनचा प्रबंधही परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपलेले होते, म्हणून ते १९२३मध्ये मुंबईला परतले, निष्कर्ष तेच ठेवून मांडणी बदलली आणि प्रबंध पुन्हा पाठवला. त्याच वर्षी डी.एससी. मिळाली.

आपण भाषणांत आणि फलकांवर त्यांच्या पदव्यांची यादी वाचतो. बॉनचे सुटलेले सत्र त्या यादीत नसते. ते मुलांना सांगायला हवे. ज्या माणसाने देशाला राज्यघटना दिली, त्याचेही एक विद्यापीठ अर्ध्यावर राहिले होते, पैसे संपले म्हणून तोही परतला होता. आज राज्य सरकार शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना परदेशी पाठवते. त्यांतला कुणी आपल्या वस्तीतला परदेशी जाणारा पहिलाच असतो, आणि आपण पडलो तर सगळी वस्ती पडली, असे त्याला वाटते. त्याला तर बॉनची गोष्ट आवर्जून सांगावी.

विद्यार्थ्यांशीही बोलायचे आहे. घरच्यांना घोर नको म्हणून दोन गोष्टी लपवणे मी समजू शकतो. पण मित्रांना आणि गावातल्या धाकट्या पोरांना जे दाखवता, त्याची जबाबदारी तुमचीच आहे. बर्फातला फोटो टाकता. रात्री गोदामात पार्सले उचलता, ते सांगत नाही. परदेशी विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येते, त्यावर कर्जाचा हप्ता फिटणे किती अवघड आहे, ते सांगत नाही. खोली मिळायला किती आठवडे लागले, जर्मन न येता वर्गाबाहेर किती एकटे पडायला होते, ते सांगत नाही. तुमचा फोटो पाहून पवनीतला एखादा पोरगा बापाला म्हणतो, मलाही पाठवा. त्या बापाची बांधी गहाण पडते, ती तुमच्या फोटोवर. तिथले चांगलेही सांगा, ते पुष्कळ आहे. प्रयोगशाळा आहेत, ग्रंथालये आहेत, प्राध्यापकाला वर्गात उलटा प्रश्न विचारण्याची मोकळीक आहे. पण दोन्ही सांगा.

एजंटाने लिहिलेल्या पत्रावर सही करू नका. तोडक्यामोडक्या भाषेत का होईना, आपले पत्र आपण लिहा. त्यात भंडाऱ्याचे तलाव येऊ द्या, तुमसरच्या मॅंगनीजच्या खाणी येऊ द्या, धानाच्या तुसाचे काय करावे हा तुमच्या मनातला प्रश्न येऊ द्या. त्यावर प्रवेश नाकारला गेला तर जाऊ द्या, दुसरीकडे अर्ज करा.

जर्मनीतले हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. ज्या घरातून कुणी जाणार आहे, त्या घराने त्याआधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळ्यांनी बसावे. कर्ज किती, हप्ता किती, पहिले दोन हप्ते कुठून भरायचे, हे मुलासमोर आणि मुलीसमोर उघडे करावे. परीक्षा किती वेळा देता येते, नापास झाले तर पुढे काय, हे मुलाने घरच्यांना समजावून सांगावे. आणि बापाने एक वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणावे: ‘नाही जमलं तर सांग, परत ये, बांधीचं आपण पाहून घेऊ.’ मनात आहे म्हणजे पोराला कळलेच असेल, असे धरून चालू नये. ते मोठ्याने म्हणावे, मायनेही म्हणावे, आणि वरठीला भंडारा रोड स्टेशनवर गाडी यायच्या आधी म्हणावे.