रोज एक चाल

खोपोली ते कर्जत हा रेल्वेचा फाटा पंधरा किलोमीटरचा. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी, एवढे चार थांबे मोजून होतात तोच कर्जत येतं. या वेळेत पुस्तक उघडावं तर दोन पानांत उठावं लागतं. डुलकी काढावी तर ती लागायच्या आधीच उतरायचं. रोजची ही फट मी बरीच वर्षं मोबाइलवरच्या खेळांनी भरली. त्यातला कोणता खेळ तिच्यात नीट बसतो, ते मात्र सावकाश कळलं.

मुंबईकडे जाणाऱ्यांचं बरं असतं. मांडीवर बॅग आडवी टाकली की मेंढीकोटाचा डाव लागतो. पण त्याला चौघं हवेत. चौथा गडी नेरळला चढणारा असेल, तर तोवर बाकीच्यांनी पत्ते पिसत बसायचं.

आधी मला वाटायचं, खेळ छोटा असला की झालं. कँडी क्रश 2012 साली आला. त्यात पाच जीव, आणि गेलेला एक जीव भरून यायला तीस मिनिटं. जणू आमच्या फाट्यासाठीच बेतलेला! पण ती तीस मिनिटं सरत नाहीत. वाट बघायची नसेल तर पैसे मोजा, ही सोय समोरच असते. खेळ बंद केला तरी मनातलं दुकान उघडंच राहतं.

वर्डलची तऱ्हा निराळी. जॉश वॉर्डलने तो आपल्या जोडीदारासाठी रचला आणि 2021च्या ऑक्टोबरात सगळ्यांना खुला केला. पाच अक्षरांचा शब्द, सहा प्रयत्न, दिवसाला एकच कोडं. सुटो न सुटो, पुढचं उद्या. 2022च्या जानेवारीअखेर न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला, तरी ही शिस्त राहिली. आमच्या घरी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचं असंच होतं. उत्तरं दुसऱ्या दिवशी छापून येत, तोवर उभा सातवा शब्द आजीच्या ओठांवर घोळत राही. भाजी निवडताना तो अचानक सापडला की ती पेन मागे.

त्या घोळण्याचीच मला गोडी लागली असावी, कारण आता मी फक्त बुद्धिबळ खेळतो, तेही चिंचवडच्या मावसभावाशी, दिवसाला एक चाल. पूर्वी लोक पोस्टकार्डावर चाली कळवून महिनोन्महिने डाव चालवत, तसंच हे. पट उघडून चाल करायला मिनिटसुद्धा लागत नाही. खेळ होतो तो पट मिटल्यावर. दुपारी जेवताना एकदम लक्षात येतं, सकाळी हत्ती सरकवला ती घोडचूक झाली. मग उद्या काय करायचं याची जुळवाजुळव, आणि समोरचा माणूस विचारतो, आमटी खारट झालीय का?

पुण्याकडच्या बहुतेक गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबते आणि प्रवासी वडापावसाठी खाली उतरतात. माझी चाल मात्र कुणी न ढकलता घाट चढून जाते आणि भावाला चहाच्या वेळी सापडते.

काल रात्री त्याने उंट माझ्या वजिरासमोर आणून ठेवलाय, बिनधास्त, कुणाच्याही जोराशिवाय. एवढा साधा तो नाही. केळवली गेलं. अजून मी उंट मारलेला नाही.