परक्या भट्टीतली नानकटाई

दिवाळीच्या फराळातील बहुतेक पदार्थ घरच्याच चुलीवर होतात. नानकटाई मात्र अपवाद. तिला सर्व बाजूंनी सारखी, मंद आच लागते, आणि ती पूर्वीच्या चुलीवर साधत नसे. म्हणून मैदा, साजूक तूप, पिठीसाखर व वेलदोड्याची पूड घेऊन माणसे बेकरीच्या भट्टीवर जात, मजुरी ठरवून नंबर लावीत आणि डबे भरून परतत. हैदराबादच्या सुलतानबाजार, काचीगुडा भागातील मराठी घरांसाठी हा भट्टीवाला पुष्कळदा मुसलमान असे. याच शहरातील बेकऱ्यांत मोहरमच्या दिवसांत रवा, तूप, साखर आणि सुकामेवा यांचे ‘दम के रोट’ भाजले जातात. सण निराळे, आच एकच.

आज ही गोष्ट साधी वाटते. एके काळी ती तशी नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली आणि त्यावरून मोठे ग्रामण्य माजले. टिळक व रानडे यांच्यासारखी माणसेही त्यात गोवली गेली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. परधर्मीयाच्या हातचे एक बिस्किट ज्या समाजाला पचत नव्हते, तोच समाज पुढे सणाचे गोडधोड परधर्मीयाच्या भट्टीत निःशंकपणे सोपवू लागला. हा बदल कशाने झाला?

सुधारकांच्या उपदेशाने, असे म्हणणे आपल्याला आवडेल. तो वाटा नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रामाणिकपणे पाहिले तर गरजेचा वाटा मोठा दिसतो. भट्टी त्याच्याकडे होती, मजुरी आपल्याकडे. अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगापोटीची, सुखापोटीची आणि सद्गुणापोटीची. त्यांपैकी पहिली उपयोग सरताच विरते, असे त्याचे मत. आता घरोघरी ओव्हन आले आहेत. नानकटाई घरीच होते आणि चांगलीही होते. मग प्रश्न असा की, गरज संपल्यावर सलोखा कशावर उभा राहावा?

यावर कोणी म्हणेल की, जो सलोखा गरजेवर उभा होता तो मुळात खरा नव्हताच. हे मत मला मान्य नाही. गरज माणसाला दारापर्यंत नेते, पण साजूक तुपाचा डबा दुसऱ्याच्या हाती देऊन निर्धास्त राहणे हे केवळ गरजेचे काम नव्हे. आपले तूप बदलले जाणार नाही, हा विश्वास वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून येतो. हेतू उपयोगाचा असला, तरी फळ नीतीचे असू शकते.

मात्र सवयीने आलेला विश्वास सवय मोडताच दुबळा होतो, हेही खरे. फाळणीनंतर कराचीहून निर्वासित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबाने १९५३ मध्ये मोअज्जमजाही मार्केटजवळ कराची बेकरी सुरू केली. तिची फ्रूट बिस्किटे सर्व धर्मांच्या घरांत सणासुदीला भेट म्हणून जातात. तरीही २०१९ मध्ये तिच्या बंगळूरच्या शाखेला पाटीवरील ‘कराची’ हे नाव झाकावे लागले, आणि २०२५ मध्ये खुद्द हैदराबादेतही त्या पाटीवर राग निघाला. ज्यांनी घरदार गमावले त्यांच्या गावाची आठवणच त्यांचा अपराध ठरली. बिस्किटाची चव सर्वांना ठाऊक होती. बिस्किट करणाऱ्यांची कहाणी फार थोड्यांना.

तेव्हा ओव्हन टाकून पुन्हा भट्टीकडे चला, असे सांगण्यात अर्थ नाही. स्त्रियांचे कष्ट आणि ताटकळणे कमी झाले, हे चांगलेच झाले. पण जे काम गरज आपोआप करून घेत होती, ते यापुढे जाणूनबुजून करावे लागेल. फराळाचे ताट शेजारी देणे, रोट आले तर आदराने घेणे, ते करणाऱ्याची विचारपूस करणे, एवढ्या साध्या गोष्टी त्यासाठी पुरेशा आहेत. आधीच्या पिढीला हा शेजार परिस्थितीने दिला. आपल्याला तो निवडावा लागेल. आणि निवडला, तर अ‍ॅरिस्टॉटलच्या तिसऱ्या मैत्रीच्या तो अधिक जवळचा असेल.