आधी ओल जाऊ द्या



पावसाळा सरला की आपण जुन्या घराची डागडुजी काढतो. खालच्या खोलीच्या भिंतींना ओल असते, गिलावा सुटलेला असतो. त्यावर सिमेंट थापून रंग दिला की काही दिवस भिंत छान दिसते; पण जमिनीतून चढणारे पाणी आत कोंडते आणि ओल आणखी वर चढते. म्हणून जाणता गवंडी आधी जुना गिलावा खरवडतो, पाणी कुठून येते ते शोधतो, भिंत सुकू देतो.

कुटुंबाचेही तसेच. घराच्या हिश्शावरून भावाभावांत अबोला असतो आणि सणाला आपण हसून वेळ मारून नेतो. तो नुसता वरचा रंग!

नहेम्याच्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, यरुशलेमच्या तटाची दुरुस्ती वाचा. सोनार, अत्तरे करणारे, याजक, सारे कामाला लागले. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. शल्लूमबरोबर त्याच्या मुलीही राबल्या. तकोवाच्या सरदारांनी मात्र खांदा दिला नाही. त्याचीही नोंद राहिली. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

वेदीवर अर्पण आणण्याआधी भावाशी समेट करा, अशी प्रभू येशूची आज्ञा आहे. यंदा घराचे काम काढताना आपण गवंड्याबरोबर त्या भावालाही बोलावू या, बहिणीलाही विचारू या. एक घमेले त्याने उचलावे, एक आपण. काम लांबले तरी चालेल.

पहिली हाक मारण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो.